आठ बोटांवर मोजलेलं

अंगठे सोडले तर दोन्ही हातांची मिळून आठ बोटं. मराठी कवितेत शिरायला तेवढी पुरतात.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर

म-न-व-ढा-य-व-ढा-य. आठ. पुढच्या तिन्ही ओळीही आठच अक्षरांच्या. बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. ही गाणी त्यांच्या तोंडात होती, घरातल्यांनी ती टिपून घेतली आणि 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, त्यांचं पुस्तक झालं. कागदाशिवाय टिकायचं तर ओळीला माप लागतं. आठ अक्षरांची ओळ एका श्वासात बसते आणि एखादं अक्षर गळलं तर कानाला लगेच खड्डा लागतो. अभंगाचाही एक प्रकार याच मापाचा. म्हणजे हे माप बहिणाबाईंच्या कानांवर लहानपणापासून पडत आलेलं.

पण माप हे नुसतं भांडं. आत काय आहे ते पाहायला एक साधी युक्ती आहे: एक शब्द काढायचा, त्याच वजनाचा दुसरा ठेवायचा आणि काय मोडलं ते बघायचं. ‘उभ्या पिकातलं ढोर’ याऐवजी ‘दाट रानातलं ढोर’ म्हणून पाहा. अक्षरं आठच राहतात, चित्रही दिसतं, पण कविता गेली. रानातल्या ढोराला कोण हाकलणार? ते तिथं चरायलाच सोडलेलं असतं. पीक कापून शेत मोकळं झालं की त्यात ढोर शिरलं तरी कुणी काठी घेऊन धावत नाही, उलट शेणखत पडतं म्हणून बरंच वाटतं. नुकसान होतं ते पीक उभं असताना. ‘उभ्या’ या दोन अक्षरांत सगळी धास्ती आहे: अजून हाती काही लागलेलं नाही आणि ते खाल्लं जातंय.

आता ‘पीक’ हा शब्द कुठं कुठं येतो ते बघा. दुसऱ्या ओळीत ‘पिकातलं’, चौथ्या ओळीत ‘पिकावर’. मध्ये ‘हाकला हाकला’. ढोर जिथून निघालं तिथंच परत आलं आणि चार ओळींनीही तोच फेरा घेतला. ‘मन चंचल आहे’ हे विधान कुणीही करील. इथं ओळींची मांडणीच चंचल मनासारखी वागते. आणि ‘हाकला’ दोनदा का? एकदा हाकलून ढोर जात नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हाकणाऱ्याचं नाव कुठं नाही. ‘किती हाकला’ असं मोकळंच म्हटलंय. मन ढोर असेल, तर काठी कुणाच्या हातात? ती त्याच माणसाच्या हातात आहे, आणि शेतही त्याचंच. मालक, राखणदार आणि चोरटं जनावर असे तिघं एकाच अंगात. माणसाच्या जगण्याचा हा पेच बहिणाबाईंनी कुठंही सांगितलेला नाही. कर्ता गाळून त्यांनी तो आपल्यापुढं ठेवलाय.

‘वढाय’ म्हणजे ओढाळ, दावं तोडून पळणारं. खानदेशच्या बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बऱ्याचदा ‘य’ येतो. ‘मन ओढाळ ओढाळ’ केलं तरी अक्षरं आठच. पण ‘ळ’ म्हणताना जीभ मागं वळते, टाळूला लागते आणि शब्द तिथं थांबतो. ‘वढाय’ला असा अडसर नाही. शब्द निसटतच राहतो. बोली प्रमाण करून छापणारे हे विसरतात आणि मग गणित बरोबर येऊनही गाणं हरवतं.

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळींचं याहून वाईट झालंय. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ याचा अर्थ सर्रास ‘कष्टाशिवाय फळ नाही’ असा सांगितला जातो. तो सुविचार झाला, कविता नाही. चुलीवर भाकरी करताना चटका नेमका कुठं बसतो? थापलेली भाकरी तव्यात सोडताना, वरून पाण्याचा हात फिरवताना, बोटांनी ती उलटताना आणि शेवटी निखाऱ्यापाशी उभी करून फिरवताना. एका भाकरीला चार वेळा, एका घरात दहा-बारा भाकऱ्या, आणि हे दोन्ही वेळा. ‘चटके’ अनेकवचनी आहे ते म्हणून. ‘आधी… तंव्हा’ हा क्रम आहे, बक्षिसाचं आश्वासन नाही. शिवाय संसाराची तुलना भाकरीशी केलेली नाही, तव्याशी केलीय, आणि तवा तर भाकरी होवो न होवो, तापतच असतो. उपमा वाचताना कशाला कशाची उपमा दिलीय हे बोट ठेवून बघावं लागतं. रसग्रहणात बहुतेक गुण इथंच जातात, आणि बहुतेक आनंदही.

अक्षरांनंतर मात्रा. मोजायच्या कशा ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अ, इ, उ ऱ्हस्व, त्यांची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ दीर्घ, त्यांच्या दोन. अनुस्वार स्पष्ट उच्चारला जात असेल तर ते अक्षर दोन मात्रांचं: ‘उंदिर’मधला ‘उं’. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तर तेही दोन मात्रांचं: ‘सक्ती’तला ‘स’. पण ‘हिरव्या’, ‘पडल्या’, ‘मळ्यांची’ यांत आघात पडत नाही, तिथं मागचं अक्षर एकाच मात्रेचं राहतं. नवशिक्यांचं मोजणं बिघडतं ते बहुतेक याच जागी. नियम पाठ असतो, पण शब्द तोंडानं म्हणून पाहिलेला नसतो.

दुसरी चूक प्रत उतरवणाऱ्यांची. कवी मापासाठी ‘उंदिर’, ‘मधुनि’, ‘घेउन’ असं ऱ्हस्व लिहितो. कुणीतरी ते ‘उंदीर’, ‘मधून’, ‘घेऊन’ असं शुद्ध करतो आणि कधी एक मात्रा वाढते, तर कधी शब्दाची लय बदलते. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या कवितांमध्ये ही मोडतोड पदोपदी दिसते. ओळ अडखळली तर कवीला बोल लावण्याआधी छापील जुनी प्रत बघावी.

कवी माधव जूलियनांनी मराठी वृत्तांची मांडणी केली तेव्हा आठ मात्रांच्या आवर्तनाला, म्हणजे ओळीत फिरून फिरून येणाऱ्या गटाला, ‘पद्मावर्तनी’ म्हटलं. सहांचं ते भृंगावर्तनी, सातांचं अग्न्यावर्तनी, पाचांचं हरावर्तनी. नावं विसरली तरी चालतील. आठांचं आवर्तन मात्र कानात बसायला हवं, कारण त्याच मापात दोन कवींनी किती वेगळा माणूस पाहिला ते पुढं दिसतं.

पहिले मर्ढेकर (1909–1956). ‘काही कविता’ 1947 सालचा संग्रह. त्यातली ही ओळ मराठी वाचकाला झोपेतही येते:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

पि-पां-त-मे-ले: एक, दोन, एक, दोन, दोन. आठ. ओ-ल्या-उं-दि-र: दोन, दोन, दोन, एक, एक. पुन्हा आठ. चारही ओळी अशाच, सोळा सोळा मात्रांच्या, मधोमध चिरलेल्या. पाळण्याला शोभावी अशी ही चाल, आणि तीत मेलेले उंदीर. भेसूरपणा येतो तो या विसंगतीतून. हाच मजकूर गद्यात सांगितला तर नाक मुरडून पुढं जाता येईल. लय मात्र जाऊ देत नाही, ती पुढच्या ठेक्याची वाट पाहायला लावते.

‘ओल्या’ हा शब्द कुणाचा? घाईत वाचणारा तो उंदरांना जोडतो. पण उंदरांचा असता तर तो ‘ओले’ झाला असता. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे आणि ते ‘पिपांत’शीच जुळतं: ओल्या पिपांत. व्याकरणानं तो शब्द पिपाचा, पण ठेवलाय उंदरांच्या अंगाला चिकटवून. डोळ्यांना अर्थ कळेपर्यंत कानाला ओल लागलेली असते. याला दूरान्वय म्हणतात आणि एरवी तो दोष समजला जातो. इथं तोच काम करतो. ‘पिपांत मेले ओले उंदिर’ म्हणून पाहा, ओल फक्त केसाळ अंगापुरती उरते. मूळ ओळीत पीप आणि प्राणी दोन्ही भिजतात.

या कवितेत पुढं येतं:

जगायची पण सक्ती आहे;
मरायची पण सक्ती आहे.

ज-गा-य-ची आणि म-रा-य-ची. एक-दोन-एक-दोन, तेच वजन. दोन्ही ओळींत फरक आहे तो फक्त ‘जगा’ आणि ‘मरा’ एवढाच. बाकी साचा हुबेहूब. जगणं आणि मरणं एकाच तराजूत सारख्या वजनानं बसतात, आणि हे सांगायला कवीनं एकही विशेषण खर्च केलेलं नाही. ‘पण’ इथं ‘परंतु’ अर्थाचा नाही, बोलण्यातला ‘सुद्धा’ आहे. ‘मी पण येतो’मधला. या घरगुती ‘पण’मुळे सक्ती आणखी अंगावर येते.

मग ‘सक्ती’. आधीच्या कडव्यात ‘आसक्तीविण’ येऊन गेलाय. आसक्ती संस्कृतातून आलेली, तर सक्ती फारसी ‘सख्त’मधून. कुळं वेगळी, रक्ताचं नातं नाही. पण कानाला वाटतं की आसक्तीतला ‘आ’ तेवढा गळून पडला आणि सक्ती उरली. ओढ संपली, बळजबरी राहिली. मर्ढेकरांनी हे ठरवून केलं असेल का, हा प्रश्न नेहमी येतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शब्द कागदावर आहेत, याच क्रमानं आहेत, आणि म्हणताना ते एकमेकांना ओ देतात. ‘सक्ती’ हा शब्द आपण सक्तीचं शिक्षण, सक्तमजुरी असल्या सरकारी भाषेत ऐकतो. जगण्याला तो लावला की जगण्यावर कचेरीचा शिक्का उमटतो.

मुक्तछंदात मोजायला मात्रा नाहीत म्हणून तिथं काही मोजायचंच नाही, असा एक गैरसमज आहे. तिथं ओळ कुठं तोडलीय ते मोजावं, कुठला शब्द ओळीच्या टोकाला एकटा ठेवलाय ते पाहावं. दोन ओळी जोडून वाचून बघाव्यात. काहीच बिघडलं नाही, तर ती ओळ विनाकारण तोडलेली होती.

आता दुसरे कवी बालकवी, आणि त्यांची ‘औदुंबर’ ही कविता. बालकवी (1890–1918) धरणगावचे, बहिणाबाई आसोद्याच्या, मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा. तिन्ही गावं आजच्या जळगाव जिल्ह्यात. योगायोग असेल, पण मला तो फार लोभस वाटतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आठ ओळी. प्रत्येक ओळीत आठ, आठ, आठ आणि वर तीन मात्रांची जागा, काही ओळींत तिथं दोनच मात्रा येतात: ‘हिरव्या कुरणा । मधुनि चालली । काळ्या डोहा । कडे’. मर्ढेकरांची ओळ दोन आठांवर तुटते. इथं तिसरा आठ येतो आणि वर तीन मात्रांचं शेपूट, त्यामुळे ओळ थांबत नाही, वाहत जाऊन विसावते. मधल्या दोन कडव्यांत ते शेपूट ‘कडे, पुढे, पडे, कडे’ असं आहे, चारही ठिकाणी ‘ए’ उघडा. वाट पुढं पुढं नेणाऱ्या ओळींना हेच यमक हवं.

रंग ओळीनं मांडून पाहा. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा तीनदा, पांढरा एकदाच, आणि शेवटाकडे काळा. सहाव्या ओळीत तर पहिल्या आठांत ‘हिरव्या’ आणि तिसऱ्या आठांत ‘काळ्या’. एका ओळीत कुरणापासून डोहापर्यंतचं अंतर चालून होतं. ‘आयुष्य अंधाराकडे जातं’ असं एक अक्षरही कवी बोलत नाही. तो फक्त विशेषणांचा क्रम लावतो.

बालकवी तरुणपणी भादलीजवळ रेल्वेखाली गेले हे माहीत असल्यानं पुष्कळ जण त्या डोहात त्यांचं मरण शोधतात. मला हे वाचन पटत नाही. डोह काळा का, याचं उत्तर कवितेतच आहे, कवीच्या चरित्रात जायची गरज पडत नाही.

कवितेत माणूस किती आहेत? एकही नाही. घरं आहेत, शेतं आहेत, मळे आहेत, पायवाट आहे. सगळीकडे माणसाचा हात लागलाय, पण माणूस दिसत नाही. पायवाट तर माणसांच्या पायांशिवाय होतच नाही. आता पाचव्या ओळीचा पहिला शब्द बघा: ‘पायवाट’. आणि आठव्या ओळीचा पहिला शब्द: ‘पाय’. वाट निघते ती पायांच्या नावानं आणि जिथं पोचते तिथं पाय सापडतात, तेही झाडाचे. चालणारं कुणी नाही, ‘चालली’ ती वाटच. आणि बसलेला आहे तो औदुंबर. माणसाच्या दोन अवस्था, चालणं आणि बसणं, कवीनं काढून वाटेला आणि झाडाला देऊन टाकल्यात. शाळेत याला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि नाव ओळखलं की गुण मिळतो. पण खरी मेख पुढं आहे: माणूस गाळून माणसाची बैठक तेवढी ठेवली, म्हणून ती बैठक कुणाचीही होऊ शकते.

उंबर ओढ्याकाठचं झाड, त्याची मुळं खरंच पाण्यात उतरतात. संस्कृतात झाडाला ‘पादप’ म्हणतात, पायांनी पिणारा. तेव्हा ही कल्पना हवेतली नाही, निरीक्षणातून आलीय. पण शब्द ‘उंबर’ नाही, ‘औदुंबर’ आहे. बदलून पाहा. ‘असला उंबर’ म्हटलं तर आठ मात्रा भरतात आणि शेवटच्या तीन मात्रांना काहीच उरत नाही. हे झालं मापाचं. पण ‘औदुंबर’ म्हटलं की मराठी मनात दत्ताचा पार येतो, नरसोबाची वाडी येते. फूल बाहेर न दाखवता आतल्या आत फळणारं हे झाड. या शब्दानं त्या बसण्याला एक वय आलं, वैराग्य आलं. वड किंवा पिंपळ असता तर काठाला सावली मिळाली असती, ही बैठक मिळाली नसती.

‘गोड काळिमा’ हे दोन शब्द मी या कवितेचं काळीज मानतो. काळिमा आपण कुळाला लावतो, नावाला फासतो. त्याच्या शेजारी गोड. एरवी न जुळणारे दोन शब्द असे शेजारी बसवले की वाचकाला मधे थांबावंच लागतं. हे दुःख आहे की विसावा? ‘गडद काळिमा’ म्हटलं तर मात्रा भरते, मात्र प्रश्न मिटतो आणि कविता नुसती उदास होते. शिवाय वाक्याची रचना बघा. ‘झाकळुनी’, ‘पसरी’, ‘टाकुनी’ अशी क्रियापदं येत जातात, कर्ता काही येत नाही. कोण झाकळतंय, कोण पसरतंय, हे कळायला दोन ओळींच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत जावं लागतं. अंधार आधी पोचतो, झाड नंतर दिसतं.

‘असला’चा अर्थ काय, यावर पूर्वीपासून वाद आहे. ‘असा हा औदुंबर’ की ‘बसलेला असावा’? मला पहिला अर्थ जवळचा वाटतो. ऐलतीरावर उभं राहून कुणीतरी बोट दाखवतंय. दुसरा घेतला तर पाहणाऱ्याला स्पष्ट दिसतही नाही, तो अंदाज करतो. त्या अर्थानं अंतर वाढतं, चित्र मोडत नाही. ‘बसला असला’ या नादात दोन्ही अर्थ चिकटून राहतात आणि ते सोडवायला स्वल्पविराम दिलेला नाही.

आवाजाचं एक निरीक्षण सांगतो, जरा जपून. या आठ ओळींत ‘ळ’ नऊ वेळा येतो: हिरवाळी, निळासांवळा, मळ्यांची, काळ्या, मग एकट्या सातव्या ओळीत झाकळुनी, जळ, काळिमा, आणि शेवटी जळांत. ‘ळ’ नाही अशा ओळी दोनच: चार घरांच्या गावाची आणि पांढऱ्या पायवाटेची. म्हणजे पाणी, झाडोरा आणि अंधार यांच्याबरोबर ‘ळ’ वाहतो, आणि माणसाची वस्ती नि वाट यांना तो टाळतो. हे जपून अशासाठी म्हटलं, की एकट्या अक्षराच्या मोजणीवर अर्थ बांधला तर कुठल्याही कवितेतून काहीही काढता येतं. अक्षर, रंग, क्रियापद अशा दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच त्यावर विसंबावं. इथं त्या दाखवतात.

आता शेवटची ओळ मोठ्यानं म्हणून पाहा. पाय टाकुनी । जळांत बसला । असला औदुं । बर. आठ मात्रांच्या मापात झाडाचं नाव मावत नाही, ते चिरतं. ‘दुं’वर ओठ मिटतात, ‘ब’ला उघडतात आणि ‘र’ सुटतो. आधीच्या ‘कडे, पुढे, पडे’ला तीन मात्रा होत्या. ‘बर’च्या दोनच. तिसरीला अक्षर नाही. गाणारे ती ‘र’ लांबवून भरतात, मनातल्या मनात वाचणारे तिथं नुसतेच थांबतात.